पावलांची वजाबाकी

बाबा गेले तेव्हा थोरली रडली नाही, आणि नातेवाइकांत त्याचीच चर्चा जास्त झाली. मावशी म्हणाली, धक्का बसलाय पोरीला. काकू म्हणाली, कसला धक्का, ती पहिल्यापासून दगडच आहे. थोरलीने दोघींचंही ऐकलं, कारण ऐकणं हा तिचा धंदाच होता, आणि दोघींना चहा नेऊन दिला. मग आठवडा संपायच्या आत ती कामावर हजर झाली. तिला काही वाटत नव्हतं. काही वाटत नाही हे तिला कळत होतं, आणि कळूनही काही वाटत नव्हतं, असा सगळा कारभार होता.

तिचं काम आवाज बनवण्याचं. मोबाइलवर, कॉम्प्युटरवर लोक जे खेळ खेळतात त्यांत दार करकरतं, तलवार खणखणते, कुणीतरी बर्फातून चालत जातं. ते सगळं कुणीतरी बंद खोलीत बसून वाजवलेलं असतं. बर्फ म्हणजे चामड्याच्या पिशवीत भरलेलं कॉर्नफ्लोअर. हाड मोडणं म्हणजे कोबीचा गड्डा. थोरलीच्या खोलीत भंगारवालाही नाक मुरडेल असा माल होता: बिजागऱ्या, फुटके बूट, गंजलेल्या साखळ्या, एक बिनकाचेची खिडकी. पण त्यातलं काहीही हातात घेऊन ती वाजवायला लागली की ऐकणारा बोलायचा थांबायचा.

कान बाबांचा. बाबा लोकांच्या घरी फरश्या बसवायचे. फरशी बसली की बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. खाली सिमेंट नीट पसरलं नसेल तर फरशी वेगळी वाजते. "पोकळ आहे," म्हणायचे, आणि उखडून पुन्हा बसवायचे, घरमालकाला जन्मात कळलं नसतं तरी. सुट्टीत दोघी मुली त्यांच्या मागे उकिडव्या बसून पैज लावायच्या, ही भरीव की पोकळ. धाकटी बहुतेक वेळा जिंकायची आणि थोरली चिडायची. पुढे थोरली आवाजाच्या धंद्यात आली, आणि तिचंच बघून धाकटीही आली. माइक कसा धरायचा इथपासून थोरलीने तिला शिकवलं. एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं, असं लोक म्हणायचे. थोरलीला ते कधी फारसं आवडलं नाही.

बाबांनी मात्र गुडघे त्या फरश्यांनाच दिले. शेवटची काही वर्षं जिना म्हणजे त्यांना डोंगर होता. एक पाय जोरात पडायचा, दुसरा मागून घासत यायचा, आणि जिन्याच्या वळणावर दम खायला थांबावंच लागायचं. तिथे थांबले की ते कठड्यावर पेराने टकटक करायचे. ती धाकटीला हाक होती. ती वरून धावत यायची, त्यांच्या डाव्या कोपराखाली हात घालायची, आणि दोघं उरलेला जिना एकेक पायरी करत चढायचे. घरात याबद्दल कधी कुणी काही बोललं नाही, कारण घरात असल्या गोष्टींबद्दल बोलतं कोण?

थोरलीचं नाव झालं ते या जिन्यामुळे. कंपनीने एक खेळ काढला होता. एक म्हातारा रोज मनोऱ्यावर चढून दिवा लावतो. दिवा लागेपर्यंत पडद्यावर मिट्ट काळोख, नुसता आवाज. थोरलीने त्यात बाबांना चढवलं. जोराचं पाऊल, घासतं पाऊल, वळणावरचं थांबणं, टकटक, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग पुन्हा पावलं. त्या काहीच नाहीवर लोक फिदा झाले. खेळणाऱ्यांनी लिहिलं, तिथे आमचा श्वास अडकला. बक्षीस मिळालं. बक्षीस घेताना कुणीतरी विचारलं, ही टकटक आणि ही शांतता सुचली कशी? थोरली म्हणाली, "ती टकटक म्हणजे त्याने अंधाराला विचारलेला प्रश्न आहे." हातात बक्षीस असलं की असली वाक्यं आपोआप सुचतात. बाबा समोरच्या रांगेत बसले होते, आणि सगळ्यांबरोबर त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

तर बाबा जाऊन काही महिने झाले होते आणि थोरली नेहमीसारखी खोलीत बसून एका राक्षसाचं जेवण वाजवत होती, तेव्हा मालक आत आला. त्याला पाठीमागे सगळे 'लगेच' म्हणायचे, कारण पगार सोडून प्रत्येक गोष्ट त्याला लगेच करायची असायची.

"ताई, हे ऐका. लगेच."

त्याच्या मोबाइलवर कुणा हौशी खेळाडूने दोन खेळ शेजारी शेजारी लावले होते. डावीकडे थोरलीचा म्हातारा. उजवीकडे कुठल्या तरी दुसऱ्या कंपनीचा नवा खेळ: एका इमारतीत राहायला आलेली मुलगी, आणि जिन्यात कधीच न दिसणारे, नुसते ऐकू येणारे आजोबा. जोराचं पाऊल, घासतं पाऊल. थांबणं. टकटक. तुकडा तिथेच तुटत होता. खाली लोकांनी चिखलफेक चालवली होती. अर्धे म्हणत होते चोरी, अर्धे म्हणत होते प्रेरणा, आणि दोन्हीकडच्या बहुतेकांनी आयुष्यात कधी एक दारसुद्धा वाजवलेलं नसावं.

"आपलंच आहे ना?" लगेचने विचारलं.

"आपलंच वाटतंय."

"वाटतंय नको. सिद्ध करून द्या, लेखी. वकिलाला सांगून ठेवलंय मी. आजच तक्रार जायला हवी." मग त्याचा आवाज जरा खाली आला. "आवाज कुणी केलाय बघितलंत का?"

नाव धाकटीचं होतं.

"तुमच्याच आडनावाची आहे," लगेच म्हणाला.

"बहीण आहे माझी."

लगेच स्टुलावर बसला. त्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीवर लगेच बोलता आलं नाही. थोरलीला सगळं दिसत होतं. तक्रार गेली तर तो खेळ बाजारातून काढावा लागणार. आणि आवाजचोर असा शिक्का बसलेल्या बाईला या धंद्यात पुन्हा कुणी दारात उभं करत नाही. धाकटीला दुसरं काही येत नव्हतं, आणि जे येत होतं ते थोरलीनेच शिकवलेलं होतं. हे सगळं तिला दिसलं, आणि तिने विचारलं, "दुपारी दिलं तर चालेल ना?"

दोघी बहिणी बाबा गेल्यापासून बोलत नव्हत्या. भांडणही धड झालं नव्हतं. बाबांचं सामान आवरताना धाकटीने एवढंच मागितलं होतं: जिन्यातलं ते रेकॉर्डिंग. थोरली म्हणाली होती, "ते कंपनीचं आहे गं, घरचं नाही. मला देता येणार नाही." ते खरंच होतं. कायद्याने अगदी खरं. धाकटी बरं म्हणाली, बाबांची फरशी ठोकायची लाकडी हातोडी घेतली, आणि गेली.

चोरी की प्रेरणा, हे लोक जन्मभर भांडले तरी ठरत नाही, पण आवाजाच्या बाबतीत एक सोपी युक्ती आहे. थोरलीच्या ऑफिसात तिला वजाबाकी म्हणायचे. आवाज म्हणजे हवेचं पुढेमागे हलणं. एक आवाज जसाच्या तसा ठेवायचा आणि दुसरा उलटा करून त्याच्यावर बसवायचा. एकाची हवा पुढे जाते तेव्हा दुसऱ्याची मागे. दोन आवाज नुसते सारखे असतील, म्हणजे एकाने दुसऱ्याचं ऐकून स्वतः केलेले असतील, तर नुसता गोंधळ ऐकू येतो. पण दोन्ही एकच असतील तर ते एकमेकांना खाऊन टाकतात आणि काहीच उरत नाही. शांतता हाच पुरावा.

थोरलीने दोन्ही खेळांच्या फायलींतून जिना उपसून काढला. दोन्हींची सुरुवात जुळवली. आवाजाची पातळी एकसारखी केली. धाकटीचा आवाज उलटा केला. राक्षसाच्या जेवणालाही तिने तेवढंच लक्ष दिलं असतं. मग हेडफोन घालून तिने दोन्ही एकदम सोडले.

शांतता. थोडीशी खरखर, बस. बाबा चढत होते हे पडद्यावरच्या रेघांवरून दिसत होतं, पण त्यांचं एकही पाऊल ऐकू येत नव्हतं. जोराचं नाही, घासतं नाही. म्हणजे धाकटीने ते थोरलीच्या खेळातूनच उचललं होतं, आणि उचलून केसभरही बदललं नव्हतं. याचंच थोरलीला आश्चर्य वाटलं. चोरी करणारा निदान वेग कमीजास्त करतो, आवाज जरा जाड करतो. लपवायच्या शंभर वाटा आहेत आणि धाकटीला त्या सगळ्या ठाऊक होत्या. हिने तर चोरीचा माल अंगणात मांडून ठेवला होता.

वळण आलं. थांबण्याच्या जागी शांतता. टकटकीच्या जागी शांतता. काम झालं, असं म्हणून थोरली हेडफोन काढणार, एवढ्यात कुणीतरी धावत आलं.

अनवाणी पावलं. वरून खाली, भराभर, शेवटच्या दोन पायऱ्या एकदम उडी मारून. मग थांबली. कपड्याची सळसळ झाली. आणि मग ती पावलं वर चढायला लागली, हळू, फार हळू, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत आणि वाट बघत. शेजारी कुणीच नव्हतं. शेजारच्याला थोरलीने आत्ताच वजा करून टाकलं होतं.

लोकांनी टाकलेला तुकडा टकटकीपाशी तुटत होता, आणि थोरलीने त्याच्या पुढचं ऐकायची तसदीच घेतली नव्हती. एवढा मोठा कान, पण अर्ध्या जिन्यावर थांबला. तिने ते पुन्हा लावलं. मग आणखी एकदा. पावलं धावत यायची, थांबायची, आणि कुणासाठी तरी कळ काढत चढायची.

रेकॉर्डिंगच्या दिवशी काय झालं होतं ते तिला नीट आठवत होतं; विसरली होती असं म्हणायला जागा नव्हती. ती माइक घेऊन जिन्याच्या वर बसली होती. पहिल्या खेपेला बाबा आणि धाकटी सवयीप्रमाणे एकत्र चढून आले. थोरली म्हणाली, "तुझ्या चपला वाजतायत, काढ." मग म्हणाली, "तुझे पायही वाजतायत. तू राहू दे, माझ्याजवळ बस. बाबा एकटे येतील." बाबा म्हणाले, "येतो की, त्यात काय!" आणि आले. वळणावर थांबले. कठड्यावर टकटक केली. धाकटी झटकन उठली, आणि थोरलीने तिचं मनगट पकडलं. घट्ट. रेकॉर्डिंग चालू होतं ना. बाबा खाली वाट बघत होते, धाकटी वर हात सोडवत होती, आणि थोरली एका हाताने माइक आणि दुसऱ्या हाताने बहीण धरून ती सुंदर शांतता टिपत होती. शेवटी बाबा एकटेच चढून आले. वर पोचल्यावर धाकटीला म्हणाले, "काय गं, टकटक केली की मी." तेवढं वाक्य थोरलीने कापलं होतं.

अंधाराला विचारलेला प्रश्न म्हणे.

आता तरी रडू यावं, असं थोरलीला वाटलं. ती थोडा वेळ त्यासाठी बसूनही राहिली. आलं नाही. खाली सिमेंटच नसलेल्या फरशीसारखी ती नुसती जागच्या जागी होती. मग तिने कागद घेतला आणि दोन ओळी लिहिल्या.

लगेचने उभ्याउभ्याच वाचल्या. पहिली ओळ वाचून तो खूश झाला: पावलांचा आवाज आपलाच आहे, जसाच्या तसा उचललेला आहे. दुसरी वाचून त्याने खुर्ची ओढली. ज्या थांबण्यासाठी आपल्याला बक्षीस मिळालं, ते मी रचलेलं नाही. तो माणूस माझ्या बहिणीला बोलावत होता आणि मी तिला जाऊ दिलं नाही. तिने फक्त तिची राहिलेली पावलं जागेवर ठेवली आहेत.

"ही दुसरी कशाला?"

"खरी आहे म्हणून."

"अहो ताई, हे वकिलाला दाखवलं तर तो आधी मलाच हसेल. आणि बाहेर गेलं तर? बक्षिसाचं काय?" त्याने पेन पुढे केलं. "एवढी खोडा, बाकी उत्तम आहे."

"सुटं मिळणार नाही. पहिली हवी असेल तर दुसरीही घ्यावी लागेल."

लगेचने तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे राग नव्हता, हट्टही नव्हता. घासाघीस करायला काही सापडेना. शेवटी त्याने कागदाची घडी घालून खिशात टाकली. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. "मी त्यांना फोन करतो. खेळात आपलं नाव टाका म्हणतो, विषय संपला," तो म्हणाला. "पण तुम्ही पण काय! बहिणीला इतकी वर्षं..." पुढचं त्याने गिळलं आणि फोन करायला गेला.

थोरली संध्याकाळी धाकटीच्या इमारतीत गेली. जुनी इमारत, लिफ्ट नाही, जिन्याच्या वळणावर कुणाची तरी लहान सायकल साखळीने बांधलेली. धाकटीने दार उघडलं, पण दारातून बाजूला झाली नाही.

"तक्रार करायला आलीस?"

"नाही. ती राहिली. खेळात नाव टाकायला सांगतील."

"मग?"

"तू उचललंस."

"हो. उचललं."

"निदान थोडा वेग तरी बदलायचास. मी शिकवलंय की तुला सगळं. कुणाला कळलं नसतं."

"बाबांचं काय बदलायचं, ताई?"

खालच्या मजल्यावर कुणीतरी दार लावलं; हलक्या लाकडाचं, बिजागरी सैल. दोघींनीही नकळत मान तिरकी केली.

"मागितलं होतं मी तुझ्याकडे," धाकटी म्हणाली.

"हो."

"टकटक माझी होती."

"माहीत आहे."

"तेव्हाही माहीत होतं तुला."

"हो," थोरली म्हणाली. "तेव्हाही."

धाकटीने एवढी वर्षं ज्या भांडणाची तयारी केली होती ते असं दोन शब्दांत आटोपलं. ती चौकटीला टेकली. तिचे केस पिकायला लागले होते, हे थोरलीला पहिल्यांदाच दिसलं.

"कसं केलंस ते?" थोरलीने विचारलं.

"काय करायचंय त्यात? माइक वळणावर ठेवला. कानात बाबा लावले आणि इथे उभी राहिले. टकटक झाली की पळायचं. पहिल्यांदा मी टकटक व्हायच्या आधीच पळाले, मग सगळं वाया. शेजारचे म्हणायला लागले, बाईला वेड लागलं." ती जरा हसली. "काम झालं तरी करत राहिले नंतर काही दिवस. म्हणजे, कामासाठी नाही."

"मला दे."

"काय?"

"हेडफोन. मला दे."

धाकटीने आधी तिच्याकडे आणि मग तिच्या बुटांकडे पाहिलं. थोरलीने बूट काढले, मोजे काढले. जिन्याची फरशी थंड होती, आणि पायाखालची एक हलकीशी पोकळ वाजली. धाकटीने हेडफोन तिच्या डोक्यावर नीट बसवले, लहान मुलाला टोपी घालतात तसे, आणि बटण दाबलं.

बाबा खालून चढायला लागले. जोराचं पाऊल, घासतं पाऊल. थोरलीने हे इतक्या वेळा ऐकलं होतं की तिला त्यात नेहमी काम ऐकू यायचं: इथे कापलं, इथे जोडलं, इथे जरा दाबलं. वळण आलं. बाबा थांबले. त्यांचा श्वास. टकटक.

थोरलीने स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. ते कुणी धरलेलं नव्हतं. तिला रडू आलं नाही, भीती वाटली. आपल्याला उशीर होईल आणि ते पुन्हा एकटे निघतील अशी साधी भीती, आणि कित्येक महिन्यांत तिला वाटलेली ती पहिलीच गोष्ट होती. ती धावली. कठड्याला धरून, अनवाणी, या वयात शोभणार नाही अशी, आणि सायकलला अडखळून वळणावर पोचली. तिथे कुणी नव्हतं. कानात, अगदी जवळ, बाबा दम खात होते. तिने उजवा हात हवेत बाबांच्या कोपराच्या उंचीवर धरला.

मग बाबा चढायला लागले, आणि तीही. पण तिला त्यांच्याबरोबर चढायची सवय नव्हती. दोन पायऱ्यांतच ती पुढे गेली, आणि ते मागे राहिले. वर धाकटी दारात उभी होती. तिने डोळे पुसले, खाली आली, आणि थोरलीचा एक कान हेडफोनमधून मोकळा करून म्हणाली, "हळू, ताई. बाबांना येऊ दे."